किसनरावांची काचपट्टी

किसनराव गेल्याची बातमी त्यांच्या धाकट्या भावाने आणली, निघोज्याहून सायकल मारत. मी तेव्हा पिंपरीच्या औषध कारखान्यात, आमच्या प्रयोगशाळेत होतो. "दादा गेला," एवढंच म्हणून तो दारातच बसला... दीड महिना झाला. अजून जेवणाचा डबा उघडला की माझं लक्ष समोर त्यांच्या जागेकडे जातं. माणसाची इतकी आठवण यावी, की त्याचाच राग यावा!

आम्ही दोघं तिथे बुरशीचे नमुने तपासायचो. किसनरावांना रक्त पडायला लागलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून मूळव्याध ठरवून टाकली. वहिनींनी सुरण शिजवला, मी रोज ताक पाजलं. सहा महिने घालवले, शहाणे कुठले! शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला आणि उत्तर आलं : कर्करोग, तोही एकाच गाठीत दोन जातींचा. असा क्वचितच सापडतो, असं डॉक्टर म्हणाले. वहिनींनी मला बजावलं, "भाऊजी, ह्यांना कळू द्यायचं न्हाई." पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पोट भरणाऱ्या माणसापासून काय लपवणार, कपाळ! "सदाभाऊ, माज्या गाठीची काचपट्टी मला बघायची हाय," एवढाच त्यांनी हट्ट धरला. मग मीच नेलं त्यांना.

पुण्याच्या डॉक्टरांकडे, मुंबईहून परत आलेली काचपट्टी ते सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सावकाश उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याने पाहिल्याशिवाय कुठलाही नमुना वहीत चढत नसे.

"तुमी बघा. मंग खरं."

मी वाकलो... आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"दिसल्या दोन्ही जाती?"

"दिसल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बघितलंच नाही, हे त्यांना कळलं होतं. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना सोबत हवी होती हो, आणि मी भेकडासारखा त्यांना एकटं टाकलं.

परवा रजा टाकून पुण्याला गेलो. डॉक्टरांनी काही न विचारता काचपट्टी लावून दिली. एकीकडे पेशींची वेडीवाकडी वर्तुळं, आणि त्यांना खेटूनच मोहरी सांडावी तसे बारीक, काळपट पुंजके. दोन्ही अगदी स्वच्छ.

"दिसल्या, किसनराव," मी मोठ्यांदा म्हणालो.

डॉक्टर काहीतरी बोलले. मला डोळा काढवेना. जोवर बघतोय तोवर ते मागे उभे आहेत, असं वाटत होतं.