पत्रांवर चाललेलं घर

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तार आली. त्या दिवशी तिची मुलगी साडेदहा महिन्यांची होती आणि मुलीला नाव नव्हतं.

देवळाली कॅम्पला एका चाळीत ती आणि मी शेजारणी होतो. मी शाळेत शिकवायचे आणि घरी आले की पुस्तकात डोकं घालून बसायचे. तिचे यजमान तोफखान्यात होते. त्यांचं युनिट काश्मीरकडे हललं, जिथे कुटुंब नेता येत नाही अशा जागी. क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून जाताना ते तिला आमच्या शेजारची खोली भाड्यानं घेऊन देऊन गेले. तेव्हा तिला सातवा महिना होता.

कुठल्याही प्रश्नाला तिचं उत्तर एकच. "त्यांना विचारून सांगते." अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण त्यांचे 'ते' बहुधा संध्याकाळी घरी येतात. हिचे दोन हजार किलोमीटरवर होते.

"वहिनी, उद्यापासून अर्धा लिटर टाकू का?" दूधवाला विचारायचा.

"त्यांना विचारून सांगते."

"साहेब आले का सुट्टीवर?"

"नाही. पत्र टाकते."

"तवर म्हैस आटंल की वहिनी!"

सगळी चाळ हसायची. तीही हसायची, आणि पत्र टाकायचीच.

पत्र पोचायला दहा दिवस, उत्तर यायला दहा. वर बर्फ पडलं की महिना. पत्रात ती प्रश्नांना आकडे घालायची आणि तिकडून उत्तरं आकड्यांनीच यायची. एक, हो. दोन, खिडकीला जाळी लाव. तीन, आईला विचार. मुलगी पाच महिन्यांची असताना तिनं विचारलं होतं, पेज सुरू करू का? उत्तर आलं तोवर मुलगी भाकरीचा तुकडा चोखायला लागली होती. तरी त्या दिवशी तिनं तांदळाची पेज केली.

"अगं, आता कशाला?" मी म्हटलं.

"त्यांनी हो म्हटलंय, बाई."

मुलीनं पेज थुंकून टाकली.

एकदा मी जरा चिडूनच बोलले. "एवढ्या-एवढ्या गोष्टी त्यांना कशाला विचारतेस? तुझं तू ठरव ना."

ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, "बाई, सगळं मीच ठरवून टाकलं, तर ते आल्यावर काय करतील? पाहुण्यासारखे बसतील. साखरेचा डबा कुठला, तेसुद्धा मला विचारावं लागेल त्यांना."

मी आयुष्यभर वाचत आले आहे. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला टोकणं मी बंद केलं.

मुलीच्या बारशाला, बाराव्या दिवशी, सिन्नरहून तिची नणंद आली होती. डब्यात घुगऱ्या, पिशवीत झबलं आणि ओठांवर नाव तयार.

"शोभा काढलंय मी. लय विचार करून काढलंय."

"ताई, ते सुट्टीवर आले की ठेवू. त्यांना विचारलंय मी."

"आत्याचा मान हाय तो! का भावाची परवानगी घिऊन आत्या झाले मी?"

"तसं नाही ताई."

"मंग कसं?"

शेवटी घुगऱ्या वाटल्या, पाळणा हलवला, पण मुलीच्या कानात कोणी काही सांगितलं नाही. नणंद संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जाताना दारात म्हणाली, "पोरीला हाक तरी काय मारायची, ते विचार तुझ्या नवऱ्याला." मग ज्याला जे सुचेल ते तो म्हणू लागला. कोणी छबी, कोणी ठमी. दूधवाला तिला मॅडम म्हणायचा.

नावाबद्दल त्यांचं उत्तर आलं. तू ठेव, तुला आवडेल ते मला आवडेल. पण लवकर कळव, युनिटच्या कागदात चढवायचं आहे. हिनं उलट लिहिलं, तुम्ही ठेवा. त्यांनी पुन्हा लिहिलं, तू. अशी चार पत्रं झाली. ती मला वाचून दाखवायची आणि लाजायची. मग त्यांनी लिहिलं की सुट्टी मंजूर होते आहे, दोघं मिळून ठेवू, कागदाचं तेव्हाच बघू.

"थांबू का, बाई?" तिनं मला विचारलं.

"इतकी थांबलीस," मी म्हटलं, "आता दीड महिना थांब."

हे मीच म्हटलं.

वर कुठेतरी रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत गेली. मंगळवारची तार त्याचीच होती.

पुढं नाशकात सैनिकांच्या कुटुंबांचं काम बघणाऱ्या कचेरीत मी तिच्याबरोबर गेले. टेबलामागचे गृहस्थ स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी आम्हाला आधी पाणी दिलं.

"मुलं?"

"ही एक," ती म्हणाली. मुलगी तिच्या मांडीवर होती.

त्यांनी कागद उलटून पाहिले, परत सुलटे केले. "यांच्या कागदांत मूल नाही, ताई."

मी जन्माचा दाखला पुढे केला. त्यात नावाची जागा कोरी होती.

"नावाशिवाय मला हिची नोंद करता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आजच्या कागदांबरोबर गेली तर बरं. नंतर हीच मुलगी त्यांची, हे सांगत फिरावं लागेल तुम्हाला. नाव काय?"

"त्यांना..." ती म्हणाली आणि थांबली.

त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गाच्या हजेरीत वर्षानुवर्षं मी शेकडो नावं पुकारली होती. त्या क्षणी मला एकही आठवलं नाही. ती उठली आणि मुलीला घेऊन व्हरांड्यात गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, वळायची. तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं आत आली.

"शोभा लिहा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांच्या बहिणीनं काढलंय. त्यांना विचारल्यासारखंच झालं ना, बाई?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर तिनं कोणालाच काही विचारलं नाही. दूधवाल्याला दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अर्धा लिटर टाका." त्याला थट्टा सुचली नाही. ती शिवण शिकली, मग बालवाडीत लागली. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं. हो, नाही, जा, नको. शोभा आठवीत असताना माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "मावशी, आई कशाचा विचारच करत नाही. आपलं फटकन सांगून टाकते." मी तिला पेजेची गोष्ट सांगणार होते. सांगितली नाही.

आत्या आधीच गेली होती. दोन वर्षांपूर्वी शोभाची आईही गेली. हृदयाचं दुखणं होतं. तपासणीला जायचं की नाही, हेही तिनं एकटीनंच ठरवलं होतं. नाही, असं.

आईचे दिवस झाल्यावर शोभा माझ्याकडे येऊन बसली. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते.

"मावशी, बाबा कसे होते? आईला विचारलं की म्हणायची, चांगले होते. पुढं काहीच नाही."

मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं. एकदा ते एका जवानाबरोबर लोखंडी खाट जिन्यानं वर आणत होते. खाट भिंतीला घासली, तेव्हा त्यांनी थांबून भिंत हातानं पुसली. दुसऱ्यांदा ते निघाले होते. खांद्यावर अंथरुणाचा होल्डॉल होता. माझ्या दाराशी थांबून म्हणाले, "बाई, जरा लक्ष ठेवा."

तेवढं मी शोभाला सांगितलं. यापेक्षा जास्त सांगू शकेल असं आता कोणी नाही.