फिल्मसारखा गुलाबी

रंगोबाचा धंदा त्याच्या आत्याला कधी धड कळलाच नाही. "आमचा पोरगा सिनेमाला रंग देतो," असं तिनं शेजारी सांगितलं, तर शेजारच्या काकांनी लगेच लोखंडी फाटक रंगवायचा भाव विचारला. खरं काम याहून वाह्यात होतं. महागड्या डिजिटल कॅमेऱ्यानं टिपलेलं लख्ख चित्र घ्यायचं आणि ते जुन्या फिल्मच्या रिळावर काढल्यासारखं दिसावं म्हणून कॉम्प्युटरवर त्यात बारीक रवाळपणा पेरायचा, सावल्या हिरवट करायच्या, दिव्यांभोवती तांबूस कडा आणायची.

"म्हणजे धुतलेला सदरा मळवून द्यायचा," आत्यानं निकाल दिला.

आजवर त्यानं गाद्यांच्या जाहिराती रंगवल्या होत्या. हा पहिला अख्खा सिनेमा. आणि दिग्दर्शकसाहेब काही केल्या हो म्हणेनात. "फिल्म वाटत नाही हो. आज जमलं नाही, तर समोरच्या स्टुडिओत नेतो."

"साहेब, तुमच्या मनातली फिल्म दाखवा तरी!"

साहेबांनी पाकिटातून लहानपणीचा फोटो काढला. तीनचाकी सायकल, वर साहेब. पाकिटात येण्याआधी वर्षानुवर्षं कपाटात पडून फोटोतला निळा-हिरवा उडून गेला होता; उरला होता नुसता गुलाबी.

म्हणजे साहेबांचं प्रेम फिल्मवर नव्हतंच, तिच्या विटण्यावर होतं! पण हे सांगायचं म्हणजे हातचं काम घालवायचं. रंगोबानं तोंडाला कुलूप लावलं आणि अख्खा प्रसंग गुलाबी करून टाकला.

"हीच! हीच ती फिल्म!" साहेबांचे डोळे पाणावले.

तेवढ्यात नायिका आत आली. ती साहेबांची बायको. पडद्यावर स्वतःला बघून म्हणाली, "अगंबाई, मला काय गोवर झालाय? हे असंच जाणार असेल तर माझं नाव काढा. आणि तुम्ही घरी या, मग बोलू."

साहेबांचा चेहरा पडद्याला जुळायला लागला. "रंगोबा, काहीतरी करा. पण फिल्मला धक्का लागता कामा नये!"

रंगोबानं दोघांना चहाला पिटाळलं. मग एकेका शॉटमध्ये बाईंच्या चेहऱ्याभोवती गोल आखून तेवढ्यातला गुलाबी काढून घेतला. भिंती गुलाबी, नायक गुलाबी, कुत्रा गुलाबी. बाई मात्र टवटवीत गव्हाळ. जगातलं कुठलंच रीळ असा पक्षपात करत नाही.

"आता कसं!" परत आल्यावर बाई खुलल्या.

साहेबांनी रंगोबाच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? चेहऱ्यावर अशी माया फिल्मच करते. कॉम्प्युटरला सात जन्मांत जमलं नसतं!"

"छे, नावच काढू नका," रंगोबा म्हणाला आणि कुणी आणखी निरखून बघायच्या आत त्यानं पुढचा प्रसंग लावला.