कुंदाची वही

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगायला जाते आणि भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते.

नागपूरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचे. सत्तरच्या आसपासची गोष्ट. बी.ए.ला एक जुनी शोकांतिका होती — गोड बोलणाऱ्यांवर भरवसा ठेवून खऱ्या माणसाला हाकलणाऱ्या राजाची. दिसतं तसं नसतं, हे मी तासन् तास समजावायचे. ‘राजाला कोणी फसवलं नाही, त्याला जे बघायचं होतं तेच त्यानं बघितलं’ — हे माझं वाक्य मुलं वहीत उतरवून घ्यायची. पुढं कितीतरी वर्षं.

ते माझं नव्हतं. पण एवढंच असतं तर — तर आज कशाला सांगत बसले असते?

वाक्य कुंदाचं होतं. पारशिवनीकडची मुलगी, मामाकडे राहून शिकणारी. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, वर्गात तोंड उघडलं की मागची मुलं हसायची. तिचा निबंध वाचला आणि मला राग आला. हो, रागच. इतकी वर्षं शिकवून मला जे सुचलं नाही, ते हिला सुचावं? मी लाल शाईनं ‘नक्कल’ असं लिहिलं आणि भर वर्गात विचारलं, कुठून उतरवलंस?

“मीच लिवलं बाई,” ती म्हणाली. “मी काहून खोटं बोलू?”

वर्ग हसला. मी हसू दिलं.

दोन दिवसांनी तिची मैत्रीण एक वही ठेवून गेली. त्याच निबंधाचं कच्चं लिखाण. खाडाखोड, समासात बाण, आणि मधोमध — ‘राजाले कोनी फसवलं नाही.’ असं कुठल्या पुस्तकात छापलेलं असतं? पहिल्याच पानावर मला कळलं. वही मी टेबलाच्या खणात सारली. उद्या बोलू, म्हटलं. वर्गासमोर कसं बोलायचं, ते ठरेना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचे वडील स्टाफरूममध्ये आले. मामानं कळवलं असावं. धोतर, हातात टोपी, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दाराबाहेर कुंदा उभी होती, खाली बघत.

“बाई, माह्या पोरीनं खरंच चोरी केली काय? ते नाही म्हनते. पन तुमी शिकलेल्या. तुमी म्हनान तेच खरं.”

खण माझ्या गुडघ्याला टेकला होता. आजूबाजूला चार प्राध्यापक चहा पीत होते. एक शब्द — नाही — एवढाच तर म्हणायचा होता. जीभ टाळ्याला चिकटली म्हणू? नाही, चिकटली नव्हती. कारण मी बोलले.

मी ‘हो’ म्हणाले.

त्यांनी हात जोडले. “बरं झालं सांगतलं,” म्हणाले. मग बाहेर जाऊन लेकीला एवढंच — “चाल वं घरी.” तिनं एकदा वर पाहिलं. वडिलांकडे नाही, माझ्याकडे. चिडलेली नव्हती. वाट बघत असल्यासारखी होती. मी हजेरीपट उघडला.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कळमेश्वरला. मैत्रिणीनं सांगितलं. त्या रस्त्यानं मी पुढं कितीदा तरी एसटीनं गेले. गाडी तिथं दहा मिनिटं थांबते. मी कधी उतरले नाही.