टॉवेल यादीत नव्हता

नमुना क्रमांक सात, कर्मचाऱ्याचे संक्षिप्त वर्णन. पदनाम: प्राणिगृह परिचर, कंत्राटी, मुदत अकरा महिने. शिक्षण: आठवी उत्तीर्ण, नववीबाबत पुरावा उपलब्ध नाही. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर चाव्याचे व्रण, संख्या अनेक. कर्तव्ये: उंदरांचे पिंजरे धुणे, भुसा बदलणे, खाद्य व पाणी देणे, उंदीर प्रयोगाच्या खोलीत नेणे व परत आणणे. संशोधनाशी संबंध: नाही. शेरा: स्वभाव शांत, परंतु ऐकून घेत नाही.

हे वर्णन गेली अठरा वर्षं दर अकरा महिन्यांनी नव्याने टाइप होत होतं. शेरा मारणारा कारकून केव्हाच निवृत्त झाला. शेरा मात्र सेवेत राहिला.

संस्थेत तिला सगळे आत्या म्हणत. कुणा जुन्या विद्यार्थ्याने ‘या उंदरांना आई नाही, निदान आत्या तरी असू दे’ असं म्हटलं होतं. तो परदेशी गेला, नाव इथे राहिलं. आत्या उंदराला शेपटीला धरून उचलत नसे. पुठ्ठ्याची नळी पुढे करायची, उंदीर आपणहून आत शिरायचा, की नळीसकट उचलायचा. ‘शेपटीला धरून उचललेला दिवसभर तोंड पाडून बसतो,’ हे तिचं मत होतं आणि ते तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट टॉवेलाची. प्राणिगृहापासून प्रयोगाच्या खोलीपर्यंत चाळीस पावलांचा बोळ होता आणि त्यात ट्यूबलाइटचा उजेड नुसता ओतल्यासारखा. त्या उजेडात ट्रॉली ढकलली की पिंजऱ्यातले उंदीर एकावर एक चढून कोपऱ्यात गोळा होत. म्हणून तिने नवऱ्याचा जुना राखाडी टॉवेल आणून ट्रॉलीवर पांघरायला सुरुवात केली. वाहतुकीत वापरायच्या मान्य वस्तूंची एक यादी भिंतीवर होती. टॉवेल तीत नव्हता. अठरा वर्षांत ती यादी कुणी वाचल्याचंही ऐकिवात नव्हतं.

संशोधन असं होतं: ताणात असताना झालेलं दुखणं लक्षात राहतं का? सोळा उंदरांना आधी अर्धा तास अरुंद नळीत अडकवून ठेवायचं, मग एका पेटीत सोडून पायांना विजेचा हलका चटका द्यायचा. दुसऱ्या सोळांना नुसतंच त्या पेटीत सोडायचं. चटका नाही, काही नाही, ते तुलनेसाठी. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा पेटीत ठेवायचं. ज्याला आठवतं तो थिजून उभा राहतो. ज्याच्या बाबतीत काही घडलंच नाही तो हुंगत फिरतो. किती सेकंद थिजला, ते मोजायचं.

मोजणारी मुलगी पीएचडी करत होती. आत्या तिला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणे.

‘अहो आत्या, व्हायचीय अजून.’

‘मग काय झालं? कानांना सवय लागू दे.’

मंगळवारी आठवण तपासली. चटका बसलेले सोळाही थिजले, ते अपेक्षित होतं. पण ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांच्यातलेही तेरा थिजले. त्यांची पाचावर धारण बसावी असं त्या पेटीत काही नव्हतं. पाच महिन्यांचं काम एका दुपारीत बसलं.

सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, कारण काढायला चहा संपायचीही वाट पाहिली नाही. ‘पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्यात. तुमच्या हातून.’

‘सर, शेपटीवरच्या खुणा मी दोनदा ताडून पाहिल्यात.’

‘मग दोनदा चुकल्यात. शुक्रवारी संस्थेच्या समितीला पत्राने कळवावं लागेल. या कामावर दुसरं कुणीतरी येईल.’

आत्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या मोजत होती. ती म्हणाली, ‘चिठ्ठ्या नाही बदलल्या. मी रोज खायला घालते, मला तोंडं ओळखू येतात.’

‘आत्या, उंदरांची तोंडं?’

‘तुमची येतात की.’

सर हसले नाहीत. ‘तुम्ही पिंजरे बघा. पिंजऱ्यात काय घडतं ते आम्ही बघतो.’

मुलगी रडली नाही, पण चष्मा पुसायला तिला बराच वेळ लागला. त्या संध्याकाळी आत्या बसमध्ये उभी राहून एकच हिशेब करत होती. चिठ्ठ्या नाहीत. पेटी दर वेळी स्पिरिटने पुसलेली. खोली तीच, वेळ तीच. मग त्या तेरा जणांना कुणी काय सांगितलं?

बुधवारी सकाळी रजा होती. दोन नातींपैकी थोरलीला लस टोचायची होती, धाकटी उगीच बरोबर. थोरली दात-ओठ आवळून सुई सोसून आली. बाहेर पंखा जोरात होता म्हणून लेकीने थोरलीचा स्वेटर काढून धाकटीच्या अंगात घातला, आणि धाकटीने जे भोकाड पसरलं ते थांबेना.

नर्स म्हणाली, ‘हिला कुठे टोचलंय? हिचं तर आज नावच नाही.’

‘हिला कुणी सांगायचं ते?’ लेक म्हणाली. ‘आई, धर ना तिला.’

आत्याने नातीला गप्प करायचं सोडून स्वेटर नाकाला लावला. बाहीला स्पिरिटचा वास होता. तिच्या नाकाला एवढाच आला. उंदराच्या नाकाला काय काय आलं असतं, हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि ती बाकावर बसली.

चटका बसलेले उंदीर ट्रॉलीवरून टॉवेलाखाली परत येत. त्याच टॉवेलाखाली मग तुलनेचे सोळा जात. भ्यालेल्या उंदराच्या अंगाचा वास टॉवेलात, टॉवेल त्यांच्या डोक्यावर, आणि पुढे पेटी. चिठ्ठ्या मुलीने बदलल्या नव्हत्या. निरोप आत्यानेच पोचवला होता, मायेने झाकून.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘महिनाअखेरीला तुझं कंत्राट आहे. सही त्याच सरांची. टॉवेलाचं नाव काढू नकोस.’

‘टॉवेल तुमचाच आहे.’

‘म्हणूनच सांगतोय.’

‘आणि त्या पोरीने काय करायचं?’

‘शिकलेली आहे, बघेल काहीतरी.’

‘शिकलेली आहे म्हणून तर तिच्या गळ्यात पडलंय. माझ्यावर संशय घ्यायचंही कुणाच्या मनात येत नाही.’

यावर नवऱ्याने पेपर उघडला. तो कालचा होता.

दुपारी तिने कामावर जाऊन आधी टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि मग मुलीला गाठलं. सगळं ऐकून मुलगी म्हणाली, ‘आत्या, तुम्ही हे सरांना सांगितलंत तर तुमचं काय होईल?’

‘सांगून काय होणार? तुम्ही लोक सांगितलेलं कुठे मानता? करून दाखवायचं. जास्तीचे आठ उंदीर आहेत, कुठल्याच प्रयोगात नसलेले. चार जुन्या टॉवेलाखाली नेईन, चार धुतलेल्या नव्या टॉवेलाखाली. तू सेकंद मोज. आणि कुठला कशाखालून आला ते मी तुला सांगणार नाही.’

‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’

‘अठरा वर्षं फरशी पुसतेय. कान काय घरी ठेवून येते?’

गुरुवारी सरांना बोलवायला आत्या स्वतः गेली. सर म्हणाले वेळ नाही. आत्या दारात उभी राहिली. सरांनी फोन केला, फोन संपला, आत्या होती. त्यांनी एक पत्र वाचलं, परत पहिल्या ओळीपासून वाचलं, आत्या होतीच. शेवटी सर उठले. ऐकून घेत नाही, हा शेरा त्या दिवशी प्रथमच संस्थेच्या उपयोगी पडला.

क्रम तिने चिठ्ठ्या उचलून ठरवला आणि चिठ्ठ्या खिशात ठेवल्या. नवा टॉवेल वेगळ्या ट्रॉलीवर, टॉवेल दाराबाहेरच काढायचा, दर उंदरामागे हातमोजे नवे आणि पेटी स्पिरिटने पुसलेली. मुलगी स्टॉपवॉच घेऊन बसली. सर हाताची घडी घालून उभे. एकेका उंदराला तीन मिनिटं.

पहिला हुंगत फिरला, मिशा पुसल्या, भिंतीवर चढायला बघितलं. सात सेकंद. दुसरा पेटीत उतरला तो उतरलाच. चारी पाय रोवून, पाठ वाकवून, जणू कुणी त्याचं चित्र काढतंय. एकशे बारा सेकंद. त्याला कधी कुणी चटका दिलेला नव्हता. सरांनी हाताची घडी सोडली.

आठ झाले. आत्याने खिशातल्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. नव्या टॉवेलाखालचा एकही पंधरा सेकंदांच्या वर नव्हता. जुन्याखालचे तीन शंभराच्या वर. चौथा मात्र मजेत फिरला होता आणि पेटीच्या मधोमध लेंड्या टाकून मोकळा झाला होता.

‘हा?’ सरांनी विचारलं.

‘असा एक प्रत्येक घरात असतो,’ आत्या म्हणाली.

सरांनी पिशवीतल्या राखाडी टॉवेलाकडे बोट केलं. ‘हा किती वर्षं वापरताय?’

‘सात-आठ. शनिवारच्या शनिवार धुते. आठवड्याच्या मधे नाही.’

‘यादीत आहे?’

‘नाही.’

‘लेखी द्यावं लागेल तुम्हाला.’

‘देते. पण पोरीचं नाव त्या पत्रातून काढल्याचं आधी मला दाखवा, मग.’

‘आत्या, तुम्ही मला अट घालताय?’

‘क्रम सांगतेय. आधी ते, मग हे.’

सरांनी संगणक उघडला, शुक्रवारचं पत्र काढलं आणि दोन वाक्यं खोडली. आत्याने चष्मा लावून ती जागा रिकामी झाल्याची खात्री केली. मग कागद मागून घेतला आणि लिहिलं: ट्रॉलीवर मी टॉवेल टाकत होते, तो यादीत नव्हता, उंदरांना उजेड लागू नये म्हणून टाकत होते, पुढेही टाकणार, पण दर पिंजऱ्याला वेगळा. सही केली. ‘पुढेही टाकणार’ हे शब्द काढा, असं सर म्हणाले. तिने काढले नाहीत.

‘आता टॉवेलाचं हेच सोळा-सोळा घेऊन परत करा,’ सर मुलीला म्हणाले. ‘आणि हा टॉवेल फेकू नका.’

पुढे व्हायचं ते झालं. अमान्य वस्तू वापरल्याबद्दल आत्याला मेमो मिळाला. सरांनी महिनाअखेरीला कंत्राटावर सही केली, मेमोच्याच पेनाने. मान्य वस्तूंच्या यादीत चौदावी ओळ आली: ‘स्वच्छ कापडी आच्छादन, प्रति पिंजरा एक.’ मुलगी त्याच कामावर राहिली. दीड वर्षाने तिचा शोधनिबंध छापून आला. त्याची एक प्रत तिने प्राणिगृहात आणून दिली. आत्याने ती भुशाच्या पोत्यांवरच्या फळीवर ठेवली, जिथे पाणी उडत नाही.

नमुना क्रमांक सात यंदाही टाइप झाला. संशोधनाशी संबंध: नाही. निबंधातल्या चौथ्या आकृतीत दोन खांब आहेत, त्यातला उंच राखाडी खांब आत्याच्या टॉवेलाचा आहे.