बिनमेहनतीचा घास

श्रीअंबाबाईच्या चरणी मस्तक ठेवून, आणि आज अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरून पूजलेल्या मातीच्या घटाला नमस्कार करून, मी हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याचा घट दान द्यावा, पाहुण्याला जेवू घालावे आणि मगच घरच्यांनी वर्षातला पहिला आंबा चाखावा, अशी आमच्या घरची रीत. या रीतीमुळेच एका माणसाची आणि माझी खरी ओळख झाली. त्याचे नाव मी सांगत नाही. आमच्या गल्लीत ते कुणी घेतही नसे. सारे त्याला पैलवान म्हणत.

जेवायला बसण्यापूर्वी पैलवान सदऱ्याची सगळी बटणे गळ्यापर्यंत लावून घेई, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसे. बाहेर वैशाखाचे ऊन पत्र्यावर तडतडत असो, की घामाने पाठीला सदरा चिकटलेला असो, बटण सुटत नसे. त्याची खोली आमच्या परसाला लागून होती आणि तिची खिडकी आमच्या तुळशीसमोर येई. संध्येला बसलो की ती रुंद पाठ माझ्या दृष्टीस पडे. समोर भाकरी, लाल तिखट आणि लोटीभर आंबील. खाणे घाईचे, जणू कुणाची तरी नजर चुकवायची आहे.

तो मूळचा कोडोलीचा. मिसरूड फुटायच्या आत मंगळवार पेठेतल्या तालमीत आला. ऐन उमेदीत एका मैदानात त्याचा खांदा निखळला, आणि बसवला तरी तो वाकडाच राहिला. कुस्ती गेली. लग्नाची बोलणी चालू होती, तीही थांबली. तो गावी मात्र गेला नाही. तालमीतच पोरांचे अंग रगडणे, कुस्तीच्या हौद्यातली माती भिजवणे, उन्हाळ्यात थंडाई घोटणे, अशा कामांत राहिला. शरीर मात्र सैल पडत गेले. जोर-बैठकांनी बांधलेला देह जोर-बैठका थांबताच चहूकडे पसरला.

वाचकहो, आमचे कोल्हापूर मनाने मोठे, पण जिभेने धारदार. येता-जाता कुणीतरी हटकणारच.

“काय पैलवान, लईच सुटलासा की वो! कुठं दडवून खाताय?”

तो हसे आणि ठरलेले वाक्य बोले, “मेहनत न्हाय, त्याला खुराक न्हाय.”

लोकांना ती थट्टा वाटे. मला बरीच वर्षे तसेच वाटत होते.

चैत्र लागला की थंडाई सुरू होई. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मगजबी आणि गुलाबपाकळ्या मोठ्या कुंडीत घालून, ती दोन्ही तळपायांत धरून, पैलवान लाकडी दांड्याने घोटत बसे. वाकड्या खांद्याने दांडा फिरवताना त्याचे तोंड वेडेवाकडे होई, पण हात थांबत नसे. पाठशाळेतून परतताना तो सुगंध मला गल्लीच्या तोंडाशीच गाठी. घामेजलेली पोरे रांगेने बसत, आणि हा प्रत्येकाच्या तोंडाशी पेला धरी. “पी लेका, आज दाबून जोर मारल्यास.” स्वतः मात्र बोटाला लागलेला थेंबही फडक्याला पुसून टाकी.

कोल्हापूर सारे उन्हाळ्यात पंचगंगेवर लोटते. पैलवानही जाई, पण भर दुपारी, घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही त्या वेळी. मी एकदा श्राद्धकर्मासाठी तेथे गेलो असता त्याला पाहिले. रिकाम्या घाटाशी, गळ्याइतक्या पाण्यात, सदरा अंगात ठेवून तो बसला होता. फुगलेला सदरा त्याच्याभोवती तरंगत होता. त्याने मला पाहिले आणि नजर दुसऱ्या काठाकडे वळवली. मीही हाक मारली नाही. काही एकांत असे असतात की त्यांत नमस्कारानेही शिरू नये.

पुढे एका वर्षी चैत्र सरता सरता, थंडाई घोटताना तो एका अंगाला कलंडला. आमचे घर जवळचे, म्हणून पोरांनी त्याला उचलून आमच्याच सोप्यात आणून टाकले. डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाले, “ऊन आणि रिकामं पोट. हा माणूस नीट जेवत नाही.”

दारात माणसे जमली होती. एक म्हातारा पुटपुटला, “एवढं धूड, आनि उपाशी?”

माझ्या पत्नीने कैरीचे पन्हे आणले. पैलवान उठून बसला, पहिल्याने गळ्याशी हात नेऊन बटण चाचपले, आणि मग पेला मागे सारला.

“वैनी, ह्ये पोरास्नी द्या. म्या काय मेहनत केलीया?”

“पन्ह्याला कसली मेहनत लागते?” मी विचारले.

“तालमीत वस्तादांचा कायदाच हाय. ज्या दिशी जोर न्हाईत, त्या दिशी दूध न्हाई, बदाम न्हाई. आता माझं तर सगळंच बंद हाय. मग ग्वाड खायाचं कुठल्या तोंडानं? तरीबी अंग ऐकंना.”

वस्ताद स्वर्गवासी होऊन कित्येक वर्षे लोटली होती. त्यांचा आखाड्यातला नियम हा माणूस एकटाच, आखाडा सुटल्यावरही, आयुष्यभर पाळत आला होता. कुस्तीसाठी केलेला कायदा त्याने भुकेला लावला होता, आणि अंग सुटले ती आपल्या अपराधाची खूण मानली होती.

माझी पत्नी फार बोलत नसे. बोलली की मात्र पुरे होई. तिने माझ्याकडे बोट दाखवले. “हे कधी जोर मारतात, पाहिलंत? ह्यांना जानव्याचा पीळसुद्धा सैल पडतो. दोन वेळा मुकाट्यानं जेवतातच ना? प्या बघू.”

तो हसला, खोकला, आणि प्याला. अर्धा पेला.

तृतीया चार दिवसांवर आली होती. पाहुणा म्हणून मी त्यालाच बोलावले. पाहुण्याची जात विचारण्याची पद्धत आमच्या वडिलांनीच बंद केली होती. पंक्तीला पुरुषांनी सदरा काढून, उघड्या अंगाने पाटावर बसायचे, ही रीत तेवढी राहिली होती. ती माझ्या ध्यानातच आली नाही. पैलवान आला, धुतलेला सदरा घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून. पाट मांडलेले, केळीची पाने वाढलेली, आमरसाची वाटी पानावर. मी उपरणे काढून बसलो, आणि तो उंबऱ्याशीच थबकला.

“म्या भाईर जेवतो की, शास्त्रीबुवा. आंगणात वाढा.”

“आज तुम्ही पाहुणे. पाहुणा आत बसतो.”

“सदरा काडाय लागंल.” आवाज इतका खाली गेला की मला पुढे झुकावे लागले. “ह्ये अंग दावण्याजोगं न्हाय. एके काळी लोक ह्या छातीवर फेटं उडवायचं. आता लोकं हसत्यात. मला बी हसू येतं, पर एकट्याला.”

मी म्हणालो, “पैलवान, देवाला नैवेद्य दाखवताना आपण विचारतो का, की आज मेहनत किती केली?”

“द्येव हाय त्यो. त्येचं अंग सुटत न्हाय.”

वाढता वाढता माझी पत्नी थांबली. “आणि गणपतीचं काय हो?”

मग पैलवानाच्या पोटातून हसू उसळले. असे, की उंबऱ्यावरची रांगोळी विस्कटली. डोळे पुसत त्याने एकेक बटण काढले.

तो समोर बसला तेव्हा मी पाहिले. वाकडा खांदा, छातीवरचे जुने वण, मांडीवर विसावलेले पोट. समोर माझ्या बरगड्या, एखाद्या जुन्या छत्रीच्या काड्यांसारख्या. दोन देह, दोन्ही देवाच्याच हातचे. माझ्याकडे पाहत पाहत पैलवानाने पानाभोवती पाणी फिरवले, भाताच्या चित्राहुती घातल्या, आणि पोळीचा तुकडा रसात बुडवला. मग डोळे मिटून घेतले. आंबा पन्हाळ्याकडचा रायवळ, किंचित आंबटसर. तो हळूहळू जेवत होता, प्रत्येक घास जिभेवर फिरवीत. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तोही त्याने चाटला. माझी पत्नी पोळ्यांची चाळण घेऊन उभीच होती. त्याने वर पाहिले, आणि मी आजवर त्याच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द ऐकला.

“वाढा.”

सारे एका दिवसात पालटले असे मी म्हणणार नाही. कधी बटणे पुन्हा गळ्याशी जात. पण त्या उन्हाळ्यात थंडाईचा शेवटचा पेला तो स्वतः पिऊ लागला, तालमीच्या कट्ट्यावर, सर्वांसमोर. पुढे त्याचा कोडोलीचा भाऊ थकला, तेव्हा म्हशी सांभाळायला तो गावी गेला. तृतीयेला मात्र एस.टी.ने येई, पाटीभर आंबे घेऊन.

एका कार्तिकात माझी पत्नी गेली. मुलगी सासरी, दूर. मी एकवेळ भात शिजवू लागलो. पुढे पुढे तोही नाही. भिजवलेले पोहे, ताक, की झाले. त्याला मी वैराग्य असे भारदस्त नाव दिले होते. तृतीयेला पैलवान आला, आंब्यांची पाटी ठेवली, आत डोकावला. चूल थंड होती.

“सण हाय न्हवं आज?”

“एकट्यासाठी काय करायचे, पैलवान?”

“एकटा म्हंजी मानूस न्हाय व्हय?”

त्याने सदरा काढून खुंटीला टांगला, चूल पेटवली, मला भात टाकायला लावला, आणि स्वतः आंबे पिळायला बसला. वाकडा खांदा वर-खाली होत होता. आम्ही देवाला आणि तिच्या नावाने पान ठेवले, मग समोरासमोर जेवलो. मध्येच माझा हात थांबला. त्याने माझ्या पानात आणखी रस वाढला, इतकेच. मी जेवलो. गोड लागले, आणि गोड लागल्याचे मला रडू आले.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर पोहोचवायला गेलो. कोडोलीची गाडी खच्चून भरलेली. दारातून तो आडवा होऊन, मोठ्या कष्टाने आत शिरला. आतून कुणीतरी ओरडले, “पावणं, दोन तिकिटं काढा की!”

माझी नजर त्याच्या गळ्याशी गेली. पण पैलवान मोठ्याने म्हणाला, “व्हय, काडतो की! सरका तिकडं, आमी दोगं बसतोय!”

सारी गाडी हसली, आणि त्या हसण्यात सर्वांत मोठे हसू त्याचेच होते. सदऱ्याची वरची बटणे उघडी होती. त्याने खिडकीतून हात काढून मला जा म्हणून खुणावले. गाडी सुटली. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभा होतो.

पुढल्या तृतीयेला तो आला नाही. त्याच्या गावचा दूधवाला भेटला, त्याच्याकडून कळले, की हिवाळ्यातच गेला. संध्याकाळी पोटभर जेवून निजला, तो उठला नाही.

वाचकहो, आज घट दिला, नैवेद्य झाला, आणि मी एकटाच पण पूर्ण जेवलो आहे. जगदंबा तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या घरातल्या कोणत्याही देहाला, तो कृश असो वा स्थूल, कोवळा असो वा थकलेला, अन्नासमोर बसताना लाज न वाटो. तुमच्या पंक्तीत वाढणारा हात कधी न आखडो, आणि मागणाऱ्याला मागण्याचा संकोच न पडो. तुम्हां सर्वांचे कल्याण असो.