थोरल्याच्या गालातली जखम

आमचा थोरला भाऊ सोफा-खुर्च्यांना कापड ठोकतो. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ही त्याची सवय. मध्यंतरी त्याच्या गालात आतून जखम झाली आणि ती काही भरेना.

"खिळा लागलाय, दुसरं काय," तो म्हणाला. मलाही पटलं. आम्ही दोघं गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मागे आमचा चुलतभाऊही तोंडातल्या जखमेला असाच "दात लागलाय" म्हणत बसला. कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता, हातचा गेला.

थोरल्याची सून मात्र कॉलेज शिकलेली. तिने खिळ्यांसाठी त्याच्यापुढे वाटी ठेवली.

"बाबा, पंधरा दिवस तोंडात खिळा घालायचा नाही. जखम भरली तर तुमचं खरं."

"आणि नाही भरली तर?"

"तर मुकाट्याने माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

जखम भरली नाही. थोरला कुरकुरत गेला. निघाला कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरांनी तेवढा भाग काढला आणि त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. आमचा जीव भांड्यात पडला.

आता थोरला शेजारच्या सुतारालाही "आ कर बघू" म्हणतो. परवा माझंही तोंड उघडायला लावलं, आत डोकावला आणि सुनेला म्हणाला, "याला काही होत नाही गं. याची जीभ एका जागी थांबतेय कुठे जखम व्हायला?"