उत्तनच्या अंगणात वाचलेलं ब्रह्मदेशचं पत्र

पत्र ठाण्याहून टपालाने पाठवता आलं असतं, पण मला उत्तन बघायचं होतं. नसती हौस, असं घरचे म्हणाले. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी ब्रह्मदेशातून परतलेल्या लोकांना भेटून तिथल्या लढाईची हकिकत एका लांबलचक पत्रात लिहिली होती. तिच्या नकला गावोगाव वाचल्या जात होत्या. उत्तनचे बरेच खलाशी तिकडच्या जहाजांवर होते, म्हणून एक नक्कल मी घेतली.

तुम्ही जाणार असाल तर भाईंदरला सकाळीच उतरा. मिठागरांवर ऊन चढलं की डोळे उघडत नाहीत. मोरव्याच्या एका गाडीवाल्याने चार आण्यांत अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं, पुढे पायी. वास येऊ लागला की गाव आलं समजायचं, दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात.

रोझा नावाच्या कोळिणीच्या अंगणात वीसेक माणसं जमली. तिचा नवरा पेद्रू तांदळाच्या जहाजावर होता. ‘माल भरून झाला, आता निघू,’ एवढंच त्याचं शेवटचं कार्ड. तिने आधी मला भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, मग म्हणाली, “वाचा, बाई.”

मी वाचलं: ‘वद्य अष्टमीच्या सकाळी नदीतल्या बंदरातून निघालेली तांदळाने भरलेली जहाजं विमानांनी बुडवली.’

रोझा आत जाऊन पेद्रूचं कार्ड घेऊन आली. मला माझ्या ठणठणीत आवाजाची लाज वाटली.

तिचा सासरा, म्हातारा नाखवा, जाळं विणत होता. त्याने मान वर केली. “अष्टमी? खरंच तसं लिवलंय?”

“हो, बाबा.”

“अष्टमीला भांगाचं पानी, भरती थोडकीच. भरलेलं जाहाज नदीच्या तोंडाशी गाळात बसंल. ते उधानालाच निगतंय, पुनवेच्या मोट्या भरतीला. तिथी चुकलीय, नायतर माल.”

“बाई, दोनातलं कंचं चुकलं?” रोझाने विचारलं.

तिथी चुकली असेल तर पेद्रू गेला. माल चुकला असेल, म्हणजे बुडालेली जहाजं रिकामी असतील, तर त्याचं भरलेलं जहाज आठवडाभर आधी पुनवेलाच सुटलं होतं. मला काय ठाऊक! मी नुसती वाचणारी. परतताना मिठागरं दिसलीच नाहीत, डोक्यात भरतीच घोळत होती. घरी येताच पुढाऱ्यांना पत्र टाकलं.

त्यांचं उत्तर आजच आलं. ‘सांगणाऱ्याला पुन्हा विचारलं. तिथी बरोबर आहे. बुडालेली जहाजं रिकामी होती. “भरलेली” हे माझ्या पदरचं. वाचणाऱ्याला हानी कळावी म्हणून घातलं. पेद्रूचा पत्ता मात्र मला ठाऊक नाही. नाखव्यांची क्षमा मागतो.’

चांगला माणूस, मान्य. तरी राग आला. त्याने लिहिलं, मी ठणठणीत वाचलं, आणि ज्या म्हाताऱ्या नाखव्याने कधी नकाशा पाहिला नसेल त्याच्याखेरीज कुणालाही शंका आली नाही. हे उत्तर काही मी टपालाने पाठवणार नाही. पहाटेच्या गाडीने जातेय, रोझाच्या अंगणात उभी राहून वाचायला.